सात नंबरची पुडी

फेब्रुवारी लागला की माझ्या बोटांची सालं निघायला लागतात. आधी वाटायचं थंडीनं होतं, मग वाटायचं आम्लानं होतं, आता वाटतं बोटांनाच कंटाळा आला असेल. बारावीच्या प्रॅक्टिकलचे दिवस. कपाटातून ब्युरेट काढायच्या, अडकलेल्या तोट्यांना व्हॅसलीन लावायचं, वर्षभर कोळ्यांनी बिऱ्हाड केलेल्या परीक्षानळ्या धुवायच्या, आणि फुटलेल्या किती हे कोणाला न सांगता उरलेल्या ऐटीत मांडायच्या. खिडकीबाहेर पळस फुलला आहे. पोरी म्हणतात, "मॅडम, पाहा ना, कसा लाल होऊन राहिला." मी म्हणते, होऊ दे बाई, त्याला कुठं जर्नल तपासायचे आहेत.

हे माझं शेवटचं प्रॅक्टिकल. जूनअखेर निवृत्त. लोक विचारतात, मॅडम, कसं वाटून राहिलं? थकल्यासारखं वाटून राहिलं, दुसरं काय वाटणार. गुडघे दुखतात, आमगावहून देवरीची बस पकडायची, देवरीहून चिचगडच्या रस्त्यावरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजला यायचं, की तिथं वर्ग सुरू व्हायच्या आधीच माझा दिवस संपलेला असतो. पण यंदा नळ्या धुताना एक मुलगी सारखी डोळ्यांसमोर येते. रोशनी तिचं नाव. बारा वर्षांपूर्वी, अशाच फेब्रुवारीत, मी तिला सगळ्या वर्गासमोर एक खोटं सांगितलं. ते खोटं होतं, हे तिला सांगायचं राहून गेलं आहे. राहून गेलं म्हणजे काय, मीच राहू दिलं.

मी वाईट शिकवायचे नाही, एवढं तरी मला म्हणू द्या. पुस्तकातला मोल, म्हणजे अणू मोजायचं माप, पोरांच्या डोक्यावरून जायचा. सहावर तेवीस शून्यं म्हटलं की मागच्या बाकावर जांभया सुरू. मग एका वर्षी मी विचारलं, खंडीभर धानात दाणे किती? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की बाईंना ऊन लागलं. रोशनी दुसऱ्या बाकावर बसायची. ती म्हणाली, "दाने कोन मोजते मॅडम? शंभर दान्याचं वजन करा, मंग खंडीचं करा. आलाच ना हिशेब." झालं, मोल शिकवून झाला. अणू डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, म्हणून ते वजनानं मोजायचे, एवढीच तर गोष्ट. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली, आणि ते तिचं आहे हे कुठल्याच वर्गाला सांगितलं नाही.

रोशनी चिचगडच्या पलीकडच्या एका टोलीवरून यायची. टोली म्हणजे जंगलाला लागून आठ-दहा घरं. सायकलनं यायची, आणि पोचली की आधी नळावर जाऊन हातपाय धुवायची, मगच प्रयोगशाळेत पाऊल टाकायची. तिच्याइतक्या स्वच्छ नळ्या मी कोणाच्या पाहिल्या नाहीत. तीनदा धुवायची, उजेडाकडे धरून बघायची, पाण्याचा थेंब काचेला चिकटून राहिला तर चौथ्यांदा धुवायची. मी म्हणायचे, "अगं, काच झिजेल." ती नुसती हसायची.

रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये तीन रकाने असतात: प्रयोग, निरीक्षण, अनुमान. काय केलं, काय दिसलं, आणि त्यावरून काय ठरवलं. माझ्या मते अख्खं शास्त्र या तीन रकान्यांत आहे, आणि क्रम बदलला की ते शास्त्र उरत नाही. आता आमच्याकडची रीत ऐका. आमच्याकडे पोरं तिसरा रकाना आधी भरतात. परीक्षेत पुडीत बांधून दिलेलं सॉल्ट, म्हणजे क्षार, ओळखायचं असतं; पण कोणत्या पुडीत कोणतं आहे हे आदल्या दिवशीच कळलेलं असतं. मग त्या सॉल्टला पुस्तकात जे दिसायला हवं असतं ते 'दिसलं' म्हणून मधल्या रकान्यात लिहायचं. नळीत काय घडतंय याकडे बघायचीही गरज नाही. कितीदा तर नळी कोरडीच असते आणि वहीत 'पांढरा अवक्षेप मिळाला' असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं असतं. मी हे थांबवलं नाही. सगळीकडं चालतं, आपल्याच पोरांनी काय घोडं मारलंय, असं म्हणायचं आणि सह्या ठोकायच्या.

पोरांना आदल्या दिवशी सांगायचं काम डोमाजींचं. डोमाजी आमचे प्रयोगशाळेतले परिचर. उंच, वाकलेले, खाकी शर्टाच्या खिशात कायम तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. सॉल्टची नावं त्यांना इंग्रजीत वाचता यायची नाहीत, पण कोणती बरणी कशाची हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पोरांना अंगणात बसवून ते म्हणायचे, "एक नंबर निळी, म्हंजे तांब्याची. चार नंबर हिरवी, लोखंडाची. सात नंबर वासाची." वासाची म्हणजे अमोनियम क्लोराईड, आपला नवसागर, कल्हईवाले वापरतात तो. मी एकदा त्यांना बोलले, डोमाजी, हे बरं नाही. ते म्हणाले, "मॅडम, हे लेकरं चार-चार कोस सायकल हाकलत येऊन राहिले. नापास झाले तं पाप कोनाले लागन? मलेच ना."

आता सात नंबरची 'वासाची' पुडी ओळखायची कशी, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नवसागराला एरवी वास नसतो. त्यात चुना घालून गरम केलं की अमोनियाचा वास सुटतो, असा की नाकात झिणझिण्या येतात आणि डोळ्यांतून पाणी. आमच्या कॉलेजच्या बरणीतला चुना हवा लागून लागून केव्हाच खडू झालेला. नवा मागवला की पुढच्या वर्षी येतो. म्हणून आमच्याकडे या प्रयोगाला डोमाजींच्या डबीतला चुना वापरायची पद्धत पडली होती. खायचा चुना, ओला, ताजा, फर्स्ट क्लास. पोरं रांगेत यायची, "बाबा, चुना द्या," आणि डोमाजी काडीच्या टोकावर वाटाण्याएवढा चुना द्यायचे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही त्यात कधी वावगं वाटलं नाही. एक-दोघांनी तर स्वतःसाठीही मागून घेतला.

मुख्याध्यापकांना मात्र ते चालत नव्हतं. त्या वर्षी त्यांनी डोमाजींना लेखी ताकीद दिली होती: प्रयोगशाळेत तंबाखू-चुना पुन्हा दिसला तर पुढची कारवाई. डोमाजींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ते कागद घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, "मॅडम, वाचून सांगा." मी वाचून सांगितलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "डबी घरीच ठेवीन." ठेवली असती तर बरं झालं असतं.

प्रॅक्टिकलचा दिवस. गोंदियाहून एक्सटर्नल आले होते, म्हणजे बाहेरचे परीक्षक. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. चार वाजताची बस, आणि त्याआधी जेवण. स्टाफरूममधून कोंबडीच्या रश्श्याचा वास प्रयोगशाळेपर्यंत येत होता आणि आमची सगळ्यांचीच शास्त्रनिष्ठा तिकडे ओढ घेत होती. बावीस पोरं. स्पिरिटचे दिवे, हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास, कुणाच्या तरी बांगड्यांचा काचेवर आवाज. पोरं आपापलं पाठ केलेलं लिहीत होती. रोशनीला मिळाली सात नंबरची पुडी. आदल्या दिवशी तिची सायकल पंक्चर होती, त्यामुळे डोमाजींच्या अंगणातल्या वर्गाला ती नव्हती. तिला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी अख्ख्या वर्गात खरा प्रयोग करणारी ती एकटीच होती.

तिनं पुडी उघडली आणि हुंगली. मी लांबून बघत होते. तिनं मान मागं घेतली, डोळे पुसले, परत हुंगली. चुना न घालता, गरम न करता, पुडीलाच अमोनियाचा वास. मग ती कामाला लागली. दोन तास मान वर केली नाही. शेवटी तिनं वहीत लिहिलं: अमोनियम आहे, आणि कॅल्शियमही आहे.

परीक्षेच्या सॉल्टमध्ये दोन धन आयन नसतात. एक धन आणि एक ऋण, अशी सरळ जोडी असते. परीक्षकांनी वही माझ्याकडे सरकवली. "मॅडम, ये क्या लिखा है इसने? अमोनियम भी, कॅल्शियम भी? सिंगल सॉल्ट है ना?" मी हो म्हटलं. "फिर चार नंबर जाएंगे. अच्छी लड़की लग रही है, आप बोलो तो करेक्ट करवा लो. मुझे कोई प्रॉब्लेम नहीं."

मी तिच्या टेबलाशी गेले. पुडीचा कागद तिथंच पडला होता. वर्तमानपत्राचा तुकडा, आणि त्याच्या घडीवर, छापलेल्या काळ्या अक्षरांवर, अंगठ्याचा पांढरा ठसा. चुन्याचा. कॅल्शियम कुठून आला ते मला एका क्षणात समजलं. डोमाजींनी सकाळी पुड्या बांधता बांधता मधेच तंबाखू घोटली होती आणि हात न धुता पुढची पुडी बांधली होती. चुना आणि नवसागर एका कागदात आले, वास आपोआप सुटला. बाकीच्या पुड्यांतही थोडाफार गेला असेल. बाकीच्यांनी हुंगून बघितलंच नाही. रोशनीनं लिहिलेलं अक्षर न अक्षर खरं होतं. तीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत झालेला सगळ्यात चोख प्रयोग तोच.

दारात डोमाजी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. पलीकडच्या खोलीत मुख्याध्यापक होते. मी खरं बोलले असते तर डोमाजींची नोकरी गेली असती, परीक्षा परत घ्यावी लागली असती, चौकशी झाली असती. हे सगळं माझ्या डोक्यात तेव्हा इतकं नीट होतं की नाही देव जाणे. आता लिहिताना नीट होतंय. मी तो कागद चुरगाळून मुठीत घेतला.

"रोशनी, कॅल्शियम खोड."

"मॅडम, आला ना पन. पाहा ना, पांढरं खाली बसून राहिलं." तिनं नळी माझ्यापुढे धरली.

मी नळीकडे बघितलं नाही. म्हटलं, "नळी घाण होती तुझी. नीट धुवत नाही तुम्ही लोक. खोड ते."

तुम्ही लोक. हे दोन शब्द कुठून आले माझ्या तोंडात? कोणते लोक? टोलीवरचे? सायकलवरचे? मी आजही स्वतःला विचारते आणि उत्तर आवडत नाही म्हणून परत कामाला लागते. रोशनीनं नळी खाली ठेवली. पट्टी घेतली, आणि कॅल्शियमवर एक सरळ रेघ मारली. एकच रेघ. चूक खोडताना एकच रेघ मारावी, खाली काय लिहिलं होतं ते वाचता यायला हवं, हे मीच शिकवलं होतं. तिला तीसपैकी तीस मिळाले. परीक्षकांना बस मिळाली. डोमाजींची नोकरी राहिली. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, आज सगळं सुरळीत पार पडलं.

वस्तुमान नाहीसं होत नाही, असं आम्ही नववीपासून शिकवतो. लाकूड जळलं तर राख होते, धूर होतो, वाफ होते, पण तराजूत सगळं धरलं तर तेवढंच भरतं. मी हे इतक्यांदा फळ्यावर लिहिलं आहे की त्याचा अर्थ माझ्यासाठी उरला नव्हता. तो कागद मी चुलीत टाकला. आमगावच्या घरी तेव्हा अजून चूल होती, पाणी तापवायची. जळून गेला. संपलं, असं वाटलं होतं मला. रसायनशास्त्राच्या बाईला असं वाटावं, काय म्हणायचं याला.

जूनमध्ये कळलं, रोशनीनं आर्ट्सला नाव घातलं. विज्ञानात कॉलेजात पहिली आलेली मुलगी. स्टाफरूममध्ये सगळे हळहळले. मी म्हटलं, गाडीभाड्याचं जमलं नसेल, गोंदियाला कुठं रोज जाणार. एक सर म्हणाले, "अहो, आर्ट्सलाही गोंदियालाच जाऊन राहिली ती." मी विषय बदलला.

दोन वर्षांनी डोमाजी निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. भाषणात ते रडले आणि म्हणाले, "मॅडमनं मले सांभारून घेतलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. त्यानंतर दर फेब्रुवारीत मी ठरवायचे, रोशनीला गाठून सांगायचं. आणि दर फेब्रुवारीत वाटायचं, बाहेर कळलं तर डोमाजींचं काय? त्यांची पेन्शन, त्यांची अब्रू. डोमाजींची अब्रू म्हणजे माझ्या आळसाला मिळालेलं चांगलं पांघरूण होतं. मागच्या दिवाळीत डोमाजी वारले. मी गेले होते. परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून पहिला विचार काय यावा? की आता वाचवायचं कोणाला? मला माझीच शिसारी आली.

म्हणून परवा शनिवारी, यंदाचं प्रॅक्टिकल आटोपल्यावर, मी घरी जाणारी बस सोडली आणि उलट दिशेची पकडली. चिचगडजवळच्या एका धान खरेदी केंद्रावर रोशनी काम करते, असं मुलींनी सांगितलं होतं. मोठं पत्र्याचं शेड, पोत्यांच्या थप्प्या, भुशाची धूळ नाकातोंडात. ती टेबलाशी उभी होती. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, हातात धानाचा ओलावा मोजायचं यंत्र. ओलावा सतराच्या आत असेल तर धान घेतात, वर गेला की परत वाळवून आणा. म्हणजे दर माणूस तिच्याशी भांडायलाच आलेला. मी बाजूच्या पोत्यावर टेकले आणि बघत राहिले.

ती मूठभर धान यंत्रात घालायची, आकडा आला की स्वतः बोलायच्या आधी यंत्र समोरच्याकडे फिरवायची. "काका, तुमीच वाचा. किती दिसून राहिलं?" काका डोळे बारीक करून वाचायचे, सोळा. "मागच्या भाऊ, तुमी बी पाहा." मागचा पण वाचायचा. मग ती लिहायची. दर पोत्याला असंच. वेळ जायचा, रांग कुरकुरायची, पण तिनं एकदाही एकटीनं आकडा लिहिला नाही.

रांग जरा कमी झाली तशी तिनं मला पाहिलं. "मॅडम? तुमी काऊन आल्या बाप्पा इतक्या दूर?" पाणी आणलं, खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. म्हटलं, तुझी पद्धत चांगली आहे, दोघांना दाखवून लिहितेस.

"हाव. आपन पायलं ते दुसऱ्यानं बी पायलेलं बरं असते," ती म्हणाली. "मंग कोनी खोडाले लावत नाई."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. काय बोलायचं ते मी बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं, ते विसरले आणि सरळ बोलून टाकलं. रोशनी, त्या दिवशी तुझी नळी स्वच्छ होती. पुडीत चुना होता. मी बघितला होता. तू बरोबर होतीस आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. डोमाजींची नोकरी जाईल म्हणून मी बोलले नाही. ते आता नाहीत, म्हणून सांगायला आले.

तिनं यंत्रातलं धान हातावर ओतलं, पोत्यात परत टाकलं.

"डोमाजीबाबा तं त्याच होळीच्या आधी आमच्या टोलीवर आले होते," ती म्हणाली. "सायकलनं. माझ्या बापासमोर हात जोडले, म्हनले, पोरीचं बराबर होतं, माहा हात चुन्याचा होता, आता जाऊन सायबाले सांगतो. आमीच जाऊ देल्लं नाई त्याईले. नोकरी गेली असती ना बिचाऱ्याची."

मी म्हटलं, "मग तुला माहीत होतं."

"माहीत होतं. मी बाबाले इचारलं, मॅडमले समजलं नसन का? ते म्हनले, मॅडमनं कागद पायला होता." तिनं पुढच्या माणसाला हातानं जवळ बोलावलं, त्याच्या पोत्यात हात घातला. "निकाल लागेपर्यंत तुमची वाट पायली, मॅडम. मंग आर्ट्सचा फारम भरला."